'एजा' निर्जीव? छे हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी रेकॉर्डवरचा लेख वाचला, बाकी सगळा मस्त जमलाय, पण स्टीली डॅन या अमेरिकन बँडच्या 'एजा' अल्बमला लेखकाने दोन ओळीत निकालात काढलं ते काही पटलं नाही बुवा. अति घोटलेलं, जीव नसलेलं, लिफ्टमधे लावायचं म्युझिक असा एकूण सूर होता. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आमच्या घरात पण ऐकते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

१९७७ चा अल्बम, सात गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर हे दोघे म्हणजेच स्टीली डॅन, बाकी बँड वगैरे तोवर काही उरलंच नव्हतं, १९७४ नंतर त्यांनी दौरे पण बंद केले आणि स्टुडिओत बसून जे हवं तेच आणि तसंच मिळेपर्यंत लोकांना पिळायचं असा धंदा सुरू केला. जवळपास चाळीस वादक लागले या एका अल्बमला. सात गाण्यांना ड्रमर किती, तर सहा! बर्नार्ड पर्डीला तेवढी दोन गाणी मिळाली, बाकी प्रत्येक गाण्याला वेगळा माणूस. आता मला सांगा, ज्याला निर्जीव काम पाहिजे तो एकाच ड्रमरकडून सगळं उरकून घेईल ना, गाण्यागणिक माणूस कशाला बदलेल, प्रत्येकाचा हात वेगळा पडतो म्हणूनच ना?

'पेग' मधला गिटारचा सोलो घ्या. सहा-सात नावाजलेल्या गिटारवाल्यांनी वाजवून बघितलं, सगळं बाद, मग जे ग्रेडन आला आणि त्याचं ठेवलं. तो तार अशी खेचतो की आपल्या कानाला सरळ मींडच वाटते, सूर घसरत घसरत बरोबर जागेवर येऊन बसतो. त्याच गाण्यात मागे मायकल मॅकडोनाल्डचा आवाज आहे, एकाच माणसाचे चार-पाच थर एकमेकांना अगदी खेटून, हेडफोन लावून नुसतं तेवढंच ऐका. आणि बेसवर चक रेनी. फेगन-बेकरना अंगठ्याने तार आपटून वाजवलेलं आवडायचं नाही, तर हा पठ्ठ्या त्यांना हात दिसू नये असा तोंड फिरवून बसला आणि कडव्यानंतर जिथे गाणं उसळतं तिथे तेच वाजवून मोकळा झाला, आणि ते अल्बममधे राहिलं! म्हणजे एवढ्या कडक पहाऱ्यातून पण माणसाचा खोडसाळपणा निसटून आलाच की.

टायटल साँग तर आठेक मिनिटांचं आहे. त्यात मधे वेन शॉर्टर सॅक्सोफोन घेऊन येतो, जॅझमधला दिग्गज माइल्स डेव्हिस, त्याच्याबरोबर वाजवलेला माणूस, आणि त्याच्या खाली स्टीव्ह गॅडचे ड्रम्स. गॅडने हे समोर कागद ठेवून, नोटेशन वाचत वाजवलंय. कागद बघून वाजवलं की जीव जातो असं म्हणणाऱ्यांनी हा तुकडा ऐकावाच. भातखंड्यांनी बंदिशी लिहून काढल्या तेव्हा पण लोक हेच म्हणत होते, आणि आपल्या ग्वाल्हेरात तर १९१८ पासून त्यांच्या पद्धतीने शिकवणारं माधव संगीत महाविद्यालय आहे, तिथून शिकलेले सगळे काय निर्जीव गातात का?

'होम ॲट लास्ट' मधे पर्डीचा जो ठेका आहे तो वरवर साधा वाटतो, पण मुख्य ठोक्यांच्या मधे तो स्नेअर ड्रमवर इतक्या हलक्या काड्या टेकवतो की मोबाइलच्या स्पीकरवर त्या येतच नाहीत. मला वाटतं निम्मे लोक हा अल्बम तसाच ऐकतात आणि मग म्हणतात गुळगुळीत आहे. रेकॉर्डिंग एवढं साफ ठेवलंय ते अशा बारीक गोष्टी कानापर्यंत पोचाव्यात म्हणूनच तर आहे, ग्रॅमी पण इंजिनिअरिंगचं मिळालं ते उगाच नाही. आणि एवढ्या गोड साजाखाली शब्द काय आहेत, तर 'डीकन ब्लूज' मधे एक हरलेला माणूस सॅक्सोफोन शिकून मोठा कलाकार व्हायची स्वप्नं बघत बसलाय, दारू पीत. लिफ्टमधे लावा खुशाल, कोणाला कळलं तर तो मजला चुकेल.

सगळंच ग्रेट आहे असं नाही हं, 'आय गॉट द न्यूज' मला आजवर लागलेलं नाही, ते आलं की मी पुढे सरकवते.

आता मूळ मुद्दा. आमच्या मामेभावाकडे या अल्बमची रेकॉर्ड होती, तिच्या कव्हरवर कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं ते सगळं छापलेलं, ते वाचत वाचत ऐकायचं आम्ही. आता ॲपवर गाणं लावलं की कव्हरचा तो काळा फोटो दिसतो आणि बँडचं नाव, बस. वादक गायबच झालेत, मग ऐकणाऱ्याला वाटणारच की हे सगळं मशीनमधून आलंय. तुमच्या लेखात पण शॉर्टर नाही, गॅड नाही, पर्डी नाही, एकाचंही नाव नाही.

आणि हे इंग्रजी रेकॉर्डपुरतं नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या तानसेन संगीत समारोहाच्या बातम्या काढून बघा, गायिकेच्या साडीचा रंग येतो, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते ते चार नावांसकट येतं, आणि तबला-हार्मोनियमवाल्यांच्या वाट्याला काय, तर "साथसंगत समर्पक होती". अहो पण कोणाची? यंदापासून प्रत्येक बातमीत साथीदारांची नावं छापा, एक ओळ लागते फक्त. जागा कमी पडत असेल तर दीपप्रज्वलनातून काढा.

आपली,
एक नेहमीची वाचक
लश्कर, ग्वाल्हेर