गाडी आहे म्हणून वजनाची चिंता नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत स्वतःच्या गाडीनं राजस्थानच्या वाळवंटात जाणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत सामानाची यादी आली होती. यादी छान, फोटो त्याहून छान. पण त्यात एक वाक्य होतं, 'गाडी सोबत असल्यानं वजनाची चिंता नको'. ते वाचलं आणि माझी कंबर पुन्हा दुखायला लागली.

मी ३१ वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून काढली, आता घरी असतो. मागच्या डिसेंबरात मी, आमचे जावई, साडू आणि पुतण्या असे चौघं सोलापूरहून जैसलमेरला गेलो. जाण्याचं अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. गाडी साधी सात आसनी, ताकद फक्त मागच्या चाकांना. वजनाची चिंता आम्हीही केली नव्हती. टपावर शंभर लिटर पाणी, भलामोठा तंबू, घडीचं टेबल, चार खुर्च्या, दोन लोखंडी खाटा, पाच किलोची गॅसटाकी, आणि साडूंनी हौसेनं घेतलेली दगडी तव्याची शेगडी. घरासमोर गाडी भरून उभी केली तेव्हा मागचं बूड इतकं बसलं होतं की शेजाऱ्यानं विचारलं, "काय ओ, बिऱ्हाड हलवताय काय?"

जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या पुढं डांबर सोडलं आणि चाळीस पावलांवर गाडी बसली. जावयांनी ॲक्सिलरेटर दाबला, तशी आणखी बसली. रबरी पायपुसणी चाकाखाली घातली, ती मागं भिरकावली गेली. आता फावडं काढायचं, तर ते सगळ्या सामानाच्या तळाशी! मग जेवणाच्या स्टीलच्या ताटांनी आम्ही चाकाजवळची वाळू उपसायला लागलो. अर्ध्या तासानं शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. त्यानं काही न बोलता खाली बसून बाभळीचा काटा टायरच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसला आणि हवा सोडायला लागला. साडू ओरडले. म्हाताऱ्यानं वरही बघितलं नाही. चारही टायर मऊ झाले, तरी गाडी हलेना. तेव्हा तो टपाकडं बोट दाखवून एवढंच म्हणाला, "उतारो." सगळं बिऱ्हाड वाळूवर उतरवलं. तीच गाडी, तीच वाळू, पण दुसऱ्या झटक्यात बाहेर. आधी जे शिकायला हवं होतं ते असं शेळ्यांसमोर शिकलो.

म्हणून माझं म्हणणं असं, की वाळूत सामान निवडताना पहिला प्रश्न वजनाचाच. पाणी कमी करता येत नाही. पिण्या-रांधण्याला माणशी रोज पाच लिटर तरी धरावं लागतं, वर थोडं राखीव. चौघांचं तीन दिवसांचं म्हणजे साठ लिटर, साठ किलो. ते टपावर न्यायचं नाही, उतारावर गाडी कलंडायला तेवढं पुरतं. वीस-वीस लिटरचे कॅन पुढच्या सीटच्या मागं, पायाशी ठेवायचे. एकच मोठी टाकी घेऊ नये, फुटली की सगळं गेलं. या साठ किलोंना जागा करायची तर टेबल-खुर्च्या, खाटा आणि दगडी तवा घरीच राहायला हवेत. त्याऐवजी बारा व्होल्टचा हवेचा पंप घ्यावा. वाळूत शिरताना टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि कमी रुततो. पण डांबरावर परत येताना ती भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फाटतो. आणि फावडं सगळ्यात शेवटी, दाराशी ठेवायचं.

तंबूबद्दल मला जरा बोलू द्या, कापडात आयुष्य गेलंय. ऑनलाइन घेतलेल्या आमच्या तंबूला चारही बाजूंनी मच्छरजाळी, 'हवेशीर' म्हणून. एका इंचात किती धागे हे मी नजरेनं सांगतो, आणि ती जाळी हातात घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं. रात्री वारा सुटला आणि पिठासारखी वाळू त्या जाळीतून गाळून आत आली. सकाळी साडूंच्या मिशीवर पांढरट थर होता. वाळवंटासाठी तंबू घ्यायचा तर ज्याच्या जाळीवर आतून कापडाचा पडदा बंद होतो तो. चेनमध्ये वाळू बसली की चेन चावते, तिच्यावर मेणबत्तीचं मेण घासावं. तंबूबरोबर येणाऱ्या काड्यांसारख्या खुंट्या वाळूत दोन मिनिटं उभ्या राहत नाहीत. आपल्याकडं साखरेची विणलेली प्लास्टिकची पोती मिळतात, ती न्यावीत. पोत्यात वाळू भरून तोंड बांधायचं, त्याला तंबूची दोरी बांधून हातभर खोल पुरायचं. बैलही उपटू शकणार नाही. कांद्याची जाळीची पोती मात्र नेऊ नका, पुतण्यानं तीच आणली होती.

दुसऱ्या रात्री आम्ही तंबू लावलाच नाही. गाडी वाऱ्याला आडवी लावली आणि बाजार समितीजवळून घेतलेली ट्रकची ताडपत्री टपापासून वाळूपर्यंत तिरकी ताणली. हजारोंच्या तंबूपेक्षा झोप चांगली लागली.

आता थंडी. आपण सोलापूरकर वाळवंट म्हटलं की उन्हाचाच विचार करतो, कारण मे महिन्यात ४४ अंश आपण घरीच बघतो. डिसेंबरात १५ वर पारा आला की आपण कानटोपी घालतो. जैसलमेरला जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान ७-८ अंश असतं, उघड्या वाळूत त्याहून कमी. हवा कोरडी, आभाळ मोकळं, वाळू दिवसभराची ऊब पटकन सोडून देते. स्लीपिंग बॅग घेताना लेबल वाचा. त्यावर आरामाचा, हद्दीचा आणि जेमतेम जीव तगण्याचा असे वेगवेगळे आकडे असतात. विकणारा सोयीचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितो. माझी 'शून्य अंशाची' बॅग कोणत्या आकड्याची होती हे मला पहाटे तीनला कळलं.

इथं गावाच्या अभिमानाला थोडा धक्का देतो. सोलापुरी चादर मी स्वतः विणून घेतलीय, पण ती अशा थंडीत अंगावर पुरत नाही. ती अंगाखाली घालावी, दोन-तीन घड्या. थंडी निम्मी खालूनच येते. हवेची फुगवायची गादी नको, काट्यानं बसते. जाड फोमची चटई, तिच्यावर चादर. वरून माणदेशी घोंगडी उत्तम, पण ती जमिनीला लागू देऊ नका. तिथं भुरट नावाचं काटेरी गवत असतं, त्याची बारीक बोंडं लोकरीत अशी रुततात की मी गाडीत बसून केसांच्या कंगव्यानं दोन तास विंचरत होतो. तंबूत शेगडी पेटवून ऊब घ्यायची तर कधीच नाही, त्यातला न दिसणारा विषारी वायू झोपेत जीव घेतो.

स्वयंपाकाला फार भांडी लागत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्याला ना गॅस लागतो ना धुवायला पाणी. लाकडं तोडून चूल पेटवू नका. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी, तिला तिथं हात लावलेला लोकांना खपत नाही. आणि मुक्काम कुठं करताय ते आधी गावात विचारा. खुरी आणि सम या गावांच्या आसपास मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, जगात जेमतेम शे-दीडशे उरलेले माळढोक बहुतेक तिकडंच आहेत. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो पक्षी कसा दिसेनासा झाला हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पुरवणीत पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक वस्तूसमोर तिचं वजन किलोत छापा, आणि खाली बेरीज.

कृपया पत्राखाली नाव छापू नये. दगडी तवा अजून साडूंच्या माळ्यावर आहे आणि ते आपला अंक रोज वाचतात.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
अशोक चौक, सोलापूर