क्लेमेन्टे लिलावात मिळाला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीत बेसबॉलमधल्या स्वस्त खरेदीवर लेख आला, हे चांगलेच झाले. पण अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने पुढे मोठा झालेल्या रॉबर्टो क्लेमेन्टेला ४,००० डॉलरना लिलावात घेतले, हे विधान दुरुस्त करायला हवे. आकडा बरोबर आहे, लिलाव मात्र झालाच नव्हता. आयपीएलमध्ये बोली चढत जाते. इथे किंमत नियमाने ठरलेली होती, प्रश्न फक्त आधी कोण उचलतो एवढाच होता.

१९५४च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्स या संघाने क्लेमेन्टेला १०,००० डॉलर बोनस आणि ५,००० डॉलर पगार दिला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ४,००० हून जास्त बोनस घेतलेला नवखा खेळाडू दोन वर्षे मुख्य संघातच ठेवावा लागे. खालच्या संघात धाडला, तर हंगामाअखेर इतरांना तो उचलता येई. डॉजर्सने त्याला मॉन्ट्रियलला, म्हणजे आपल्या खालच्या संघात धाडले. तिथे ८७ सामन्यांत तो अधिकृत हिशेबाने फक्त १४८ वेळा फलंदाजीला आला. त्याला मुद्दाम लपवले, ही कथा अमेरिकेत भलतीच लाडकी आहे. नोंदी चाळल्या तर असे दिसते की त्याला बहुतेक डावखुऱ्या पिचरसमोरच (चेंडू टाकणाऱ्यासमोर) खेळवत. काही असो, पायरेट्सचे क्लाइड सुकफोर्थ पाहायला गेले होते मॉन्ट्रियलच्या जो ब्लॅक या पिचरला, आणि त्यांची नजर खिळली ती सरावात क्लेमेन्टेने आउटफिल्डमधून, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातून केलेल्या फेकीवर. पायरेट्स त्या वर्षी तळाला असल्याने पहिली निवड त्यांची होती. २२ नोव्हेंबरला त्यांनी ती वापरली.

लेखात न आलेली गोष्ट अशी, की अशा खेळाडूची खरी किंमत संघातली अडलेली जागा. क्लेमेन्टेची पहिल्या वर्षाची सरासरी (फलंदाजीच्या दर संधीमागे यशस्वी फटके) .२५५ एवढी साधारणच होती आणि होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके, फक्त ५. जिंकायच्या घाईत असलेल्या संघाने त्याला बाकावर बसवले असते. पायरेट्स १९५५ मध्येही तळालाच राहिले, त्यामुळे त्याला रोज खेळवणे त्यांना परवडले. पुढचे सगळ्यांना माहीत आहे: १८ हंगाम, बरोबर ३,००० हिट्स (यशस्वी फटके), क्षेत्ररक्षणासाठीची १२ गोल्ड ग्लोव्ह पारितोषिके. त्याच्याआधी १९५२ मध्ये डॉजर्सकडूनच असाच उचललेला पिचर एलरॉय फेस १९५९ मध्ये १८ सामने जिंकला आणि एकच हरला. त्याचा उल्लेख हवा होता.

पायरेट्सची २०१३ची खरेदी वेगळ्या जातीची. सलग २० हंगाम पराभव जास्त असलेल्या या संघाने फ्रान्सिस्को लिरियानो या पिचरशी दोन वर्षांचा मोठा करार ठरवला होता. त्याचा हात मोडला आणि हमीची रक्कम १० लाख डॉलरवर आली. मोडला तो उजवा हात, आणि लिरियानो डावखुरा! कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) रसेल मार्टिन दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरना मिळाला, कारण आदल्या वर्षीची त्याची सरासरी .२११ होती. त्याचे खरे काम सरासरीत दिसत नाही. गुडघ्याच्या रेषेवर आलेला चेंडू झेलताना ग्लोव्ह खाली गेला, तर अंपायर बॉल, म्हणजे बाहेरचा चेंडू देतो. मनगट स्थिर ठेवून तो अलगद किंचित वर झेलला, तर तोच चेंडू स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा ठरतो. खालच्या उंचीवर चेंडू टाकणाऱ्या लिरियानोला असाच कॅचर हवा होता. १ ऑक्टोबरला रेड्स संघाविरुद्धचा बाद फेरीचा सामना ६-२ असा जिंकला, त्यात लिरियानोने ७ डाव टाकले आणि मार्टिनने दोन होम रन मारले.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये पायरेट्सने त्यांना घेतले, पण मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वोच्च स्पर्धेपर्यंत, दोघेही पोचले नाहीत. त्यांना स्वस्त खरेदीच्या यादीत घालणे त्यांच्यावरच अन्याय आहे. रडार गनवर हाताचा वेग मोजता येतो. फलंदाज ओळखून चेंडू बदलण्याची सवय लहानपणापासून खेळूनच लागते.

शेवटी फलंदाज होसे बाउतिस्ता. २००३ मध्ये पायरेट्सने आपल्या होतकरू पोरांना राखीव यादीबाहेर ठेवले आणि रूल ५ ड्राफ्टमधल्या (इतर संघांच्या राखीव यादीबाहेरचे खेळाडू उचलण्याच्या निवडीतल्या) पहिल्या सहापैकी पाच निवडी त्यांच्याच खेळाडूंच्या झाल्या. बाउतिस्ता त्यातला एक. उचललेल्या खेळाडूला वर्षभर मुख्य संघात ठेवण्याची अट कोणालाच झेपेना, म्हणून २००४च्या एका हंगामात ओरिओल्स, डेव्हिल रेज, रॉयल्स, मेट्स असा फिरून तो पुन्हा पायरेट्सकडे आला. २००८ मध्ये त्यांनी त्याला रॉबिन्सन डियाझ या कॅचरच्या बदल्यात टोरांटोला देऊन टाकले. तिथे त्याला पुढचा पाय लवकर उचलायला शिकवले. तोवर एका हंगामात १६ च्या वर होम रन न मारलेल्या माणसाने २०१० मध्ये ५४ मारले. लेखासोबतच्या तक्त्यात त्याचे नाव पायरेट्सच्या रकान्यात छापले आहे. ते टोरांटोच्या रकान्यात हवे.

– एक वाचक, पुणे