हिरवी खूण आणि कोरं पान

पुणे, गुरुवार रात्र

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील तर बरोबरच आहे. आईचा गुडघा ठीक, मीही ठीक. आता ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आपल्या पायथन कोडच्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणारी पानं, कोरं पडलं होतं रे! ऑफिसातल्या नव्या मुलीने एका फंक्शनचे पॅरामीटर विचारले. म्हटलं, पान बघ. म्हणाली, "पानावर नुसतं शीर्षक आहे." उघडलं तर खरंच. होस्टेलच्या गच्चीवर बसून तू लिहिलेल्या डॉकस्ट्रिंग, कोडमध्येच लिहिलेली ती फंक्शनांची वर्णनं, उदाहरणांसकट गायब. आणि पानं तयार करणाऱ्या बिल्डवर 'सगळं ठीक'ची हिरवी खूण! पोटात गोळाच आला.

स्फिंक्स या पानं बनवणाऱ्या साधनाचं ऑटोडॉक डॉकस्ट्रिंग उचलायला आपल्या कोडची फाइल खरोखर इम्पोर्ट करतं, म्हणजे चालवून आत घेतं, हे तूच मला शिकवलंस. इम्पोर्ट फसला की एक वॉर्निंग टाकून ते पुढे जातं. जूनमध्ये मी कोड एसआरसी फोल्डरमध्ये हलवला, पण स्फिंक्सच्या सेटिंगच्या फाइलीतला, कॉन्फ डॉट पायमधला, कोडचा पाथ जुनाच राहिला. माझ्या लॅपटॉपवर पॅकेज एडिटेबल इन्स्टॉल केलेलं, म्हणजे पाथ चुकला तरी कोड सापडतोच, त्यामुळे तिथे सगळं झकास. सर्व्हरवर मात्र ठणठणाट. पाथ सुधारला, तर आपला कोड वापरतो ती आकडेमोडीची लायब्ररी, नमपाय, सापडेना. डॉक्सच्या रिक्वायरमेंट्समध्ये, म्हणजे काय काय इन्स्टॉल करायचं त्या यादीत, एकटं स्फिंक्स! मॉक इम्पोर्ट, म्हणजे खोटं नमपाय, लावून वेळ मारून नेता आली असती, पण नमपाय इन्स्टॉल करता येत असताना मॉक कशाला? सरळ यादीत घातलं.

आठवतं, बिल्डला डॅश डब्ल्यू लाव म्हणून तू भांडला होतास? वॉर्निंग आली की बिल्ड पडलाच पाहिजे, हा तुझा हट्ट. मी ऐकलं नाही, दोन दिवस आपण मेसला वेगवेगळे जेवलो. तुझंच खरं होतं. काल लावला. शिवाय न बदललेल्या फाइली स्फिंक्स पुन्हा वाचत नाही, जुन्या वॉर्निंग दडून राहतात; म्हणून डॅश ई देऊन सगळं नव्याने वाचायला लावलं. 41 वॉर्निंग! त्यातल्या नऊ 'शीर्षकाखालची रेघ आखूड'. त्या तुझ्या, लेका. जर्नलमधली मार्जिनही तू अर्ध्यातच सोडायचास.

रात्री दोनला पान भरलं. तुझं पहिलं उदाहरण दिसलं आणि मी ते मोठ्याने वाचलं.

नव्या घरात गेलात का? वहिनींना नमस्कार. पिल्लूला दात आले असतील.

आणि हो, तिसऱ्या उदाहरणातलं उत्तर मला चुकीचं वाटतंय. तू बघितल्याशिवाय हात लावणार नाही. रविवारी फोन करतो.

तुझा,
अव्या