केप टाउनला खेळायला निघालेल्या लेकीस

एडिसन, न्यू जर्सी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याची तिकिटे आल्याचे तू फोनवर सांगितलेस तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कॉलेजच्या चार वर्षांत अशी संधी एकदाच मिळते आणि ती तुझ्या वाट्याला आली. मात्र त्याच आठवड्यात पालकांकडे वर्गणीसाठी जे पत्रक आले ते वाचून माझे डोके फिरले. तिथल्या मुलींपर्यंत फुटबॉल पोहोचवण्यासाठी आमचा संघ निघाला आहे, असा त्याचा एकंदर सूर होता. वर्गणी मी दिली, कारण मुलींनी जग पाहावे असे मला वाटते. परंतु ज्यांच्यापर्यंत फुटबॉल पोहोचवायला तुम्ही निघाला आहात त्या कोण आहेत, हे विमानात बसण्यापूर्वी तुला ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

दक्षिण आफ्रिकेच्या महिला संघाला तिथे ‘बान्याना बान्याना’ म्हणतात. जुलै २०२२ मध्ये रबात येथे यजमान मोरोक्कोला २-१ असे हरवून हा संघ आफ्रिकेचा विजेता झाला आणि अंतिम सामन्यातले दोन्ही गोल हिल्दा मगाइयाने केले. प्रशिक्षक डिझायरी एलिस या मूळच्या केप टाउनच्याच. वर्णभेदी राजवटीमुळे फिफाने बाहेर काढलेल्या या देशाला १९९२ मध्ये पुन्हा प्रवेश मिळाला आणि पुढच्या वर्षी महिला संघ स्वाझीलँडविरुद्ध पहिला अधिकृत सामना खेळला, तेव्हा एलिस तिशीच्या होत्या. ज्या वयात बहुतेक खेळाडू उतरणीला लागतात त्या वयात त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला! तो सामना त्यांच्या संघाने १४-० असा जिंकला, पुढे एलिस कर्णधार झाल्या आणि नंतर प्रशिक्षक. त्यांची उमेदीची वर्षे कोणी हिरावून घेतली याचा विचार केलास, तर तुमच्या पत्रकातला तो पोहोचवण्याचा सूर तुलाही टोचेल.

२०२३ च्या विश्वचषकाची गोष्ट तर तुझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, पण तिचा पूर्वार्ध अमेरिकेतल्या टीव्हीवर फारसा दिसला नव्हता. स्पर्धेला निघण्यापूर्वी घरच्या मैदानावर बोत्स्वानाशी निरोपाचा सामना ठरला होता. मानधनाचा करार आणि मैदानाची अवस्था या दोन कारणांनी मुख्य संघातल्या मुलींनी खेळायला नकार दिला. मग ऐनवेळी दुसऱ्याच मुली जमवून संघ उतरवण्यात आला, त्यांत शाळकरी वयाच्या मुलीही होत्या, आणि तो संघ ५-० असा हरला. पैशांचा प्रश्न बाहेरून मदत आल्यावर सुटला. त्यानंतर खेळायला नकार देणाऱ्या त्या मुख्य संघातल्या मुली न्यूझीलंडला गेल्या, स्वीडनशी हरल्या, अर्जेंटिनाशी त्यांनी बरोबरी साधली आणि वेलिंग्टनला इटलीविरुद्ध सामना २-२ असा अडकलेला असताना भरपाईच्या वेळेत थेंबी खत्लानाने गोल करून देशाला पहिल्यांदाच बाद फेरीत नेले. त्या इटलीच्या संघात पगारी क्लबांतून खेळणाऱ्या मुली होत्या. यात कुठे कोणी कोणाला फुटबॉल शिकवला, ते तूच सांग.

तुमचा पहिला सामना वेस्टर्न केप विद्यापीठात आहे, हे पाहून मला फार बरे वाटले. या विद्यापीठाचा महिला संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळत आला आहे. तेव्हा हा सामना म्हणजे सहलीतला विरंगुळा असेल, असे तुमच्यापैकी कोणी समजू नये. पण मला त्या विद्यापीठाचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १९६० मध्ये, वर्णभेदाच्या काळात, सरकारने ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय ठरवलेल्या लोकांसाठी वेगळी काढलेली ही संस्था पुढे त्याच राजवटीविरुद्ध उभी राहिली आणि रॉबेन बेटावरच्या कैद्यांच्या फुटबॉल संघटनेची कागदपत्रे आज तिथल्या मायिबुये संग्रहात जपून ठेवलेली आहेत.

रॉबेन बेटावर तुम्ही बोटीने जाणारच आहात. तिथे नेल्सन मंडेलांची कोठडी सगळेच पाहतात, तशी तूही पाहा. मात्र तिथले मैदानही पाहून ये. दिवसभर खाणीत दगड फोडणाऱ्या राजकीय कैद्यांनी खेळण्याची परवानगी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि डिसेंबर १९६७ मध्ये ती मिळाली. ज्यांना तुरुंगाने माणूस म्हणूनही मोजले नव्हते, त्यांनी मग ‘मकाना फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ज्या खोसा पुढाऱ्याला याच बेटावर डांबले होते, त्याचे नाव संघटनेला दिले. घटना लिहिली, तीन गटांची लीग बांधली, फिफाच्या नियमपुस्तकाप्रमाणे पंच तयार केले, एखाद्या निर्णयावर तक्रार आली तर तिची लेखी सुनावणी घेतली, अपिलेही ऐकली. वेगळ्या कोठडीत ठेवलेल्या मंडेलांना मात्र या खेळात उतरता आले नाही. २००७ मध्ये फिफाने मकानाला मानद सदस्यत्व दिले. मला स्वतःला त्या गोलांपेक्षा ते अर्ज आणि इतिवृत्ते जास्त हलवून जातात. उद्या सुटका होईल की नाही हे माहीत नसलेली माणसे ऑफसाइडच्या निर्णयावर दोन-दोन पाने लिहीत होती. तुमच्या प्रशिक्षकांना विनंती करून सामन्याआधी तासभर तो संग्रह पाहायला मिळाला, तर अवश्य पाहा.

आता मैदानावरचे. मी कोल्हापूरची, त्यामुळे या बाबतीत माझे मत पक्के आहे. शाहू स्टेडियमवर बाहेरचा संघ आला की आमच्या तालमींचे संघ, मग ते पाटाकडील असो वा दिलबहार, त्याला पाहुणा म्हणून कोणी सवलत देत नसे. दिली असती तर तो त्या संघाचा अपमान ठरला असता, आणि पेठेत परतल्यावर तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी आमच्या पोरांना सोडले नसते. तुम्हीही पूर्ण ताकदीने खेळा. केप टाउनमधल्या खायेलित्शाच्या वस्तीत लहान मुलींबरोबर सराव आहे, तिथे हसतखेळत राहा. पण विद्यापीठाच्या सामन्यात दया, कौतुक, पाठ थोपटणे यांतले काही नको. टॅकल करायची तर नीट कर, आणि तुला कोणी आडवे पाडले तर उठून खेळ.

खायेलित्शातल्या मुलींसाठी तुम्ही बूट गोळा केले आहेत, त्यांतली दोन खोकी आपल्या गॅरेजमध्ये आहेत. काल मी ती उघडून पाहिली. काहींचे स्टड झिजून सपाट झाले आहेत, एकाचा तळवा पुढून उकलला आहे, आणि एका पिशवीत दोन्ही बूट डाव्याच पायाचे निघाले. जे तू स्वतः घालून मैदानात उतरणार नाहीस ते दुसरीला देऊ नकोस. चांगले तेवढे मी धुऊन वेगळे ठेवले आहेत, बाकीचे इथेच राहतील. त्या वस्तीत २०१० च्या विश्वचषकानिमित्त फिफाने आफ्रिकेत उभारायचे ठरवलेल्या २० केंद्रांपैकी पहिले केंद्र डिसेंबर २००९ मध्येच सुरू झाले, म्हणजे तिथली पोरे तुमची वाट पाहत अनवाणी थांबलेली नाहीत. आणि लहान मुलांना कडेवर घेऊन काढलेले फोटो त्यांच्या पालकांना न विचारता कुठेही टाकायचे नाहीत, हे मी निक्षून सांगते.

जूनमध्ये तिथे हिवाळा असतो आणि केप टाउनचा पाऊस हिवाळ्यातच पडतो, त्यामुळे मैदान जड असेल. लांब स्टडचे बूट आणि जाड स्वेटर घे. त्यानंतर जोहान्सबर्ग सुमारे १७५० मीटर उंचीवर आहे, तिथे पहिल्या दिवशी दम लागेल आणि तुझ्या लांब किक अपेक्षेपेक्षा पुढे जातील, तेव्हा सरावात अंदाज घेऊन ठेव. आपल्याकडे गिझरला लावतात तसला जाड तीन पिनांचा प्लग तिथे चालतो, तो तुझ्या बॅगेत टाकला आहे. केप टाउनमध्ये रत्नागिरी-रायगडकडून पिढ्यांपूर्वी गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबे आहेत. एखाद्या दुकानदाराने तुझे आडनाव ऐकून गाव विचारले, तर घाईत न उठता दोन शब्द बोल.

निकाल मला नंतर कळवलास तरी चालेल, पण कोल्हापूरला आजोबांना त्याच दिवशी फोन कर. कोल्हापूरची घड्याळे दक्षिण आफ्रिकेपेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. सामना सहाला संपला तर त्यांच्याकडे साडेनऊ वाजलेले असतील आणि ते जागे असतील. नुसता स्कोअर सांगून भागणार नाही. गोल कोणी केला, कुठल्या पायाने केला आणि पंच कसा होता, हे ते विचारणारच.

तुझी,
आई