गाडी नवी, वायर तीस वर्षांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी चिंचवडचा परवानाधारक वायरमन. 1992 पासून याच भागातल्या इमारतींची कामं करतो आहे. गेल्या महिन्यात जवळच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा सकाळी सातला फोन आला. "दादा, गाडी रात्रभर लावली होती, चार्जच झाली नाही. आणि पार्किंगमध्ये काहीतरी जळल्याचा वास येतोय."

जाऊन बोर्ड उघडला. पंधरा अँपिअरच्या सॉकेटचं एक भोक वितळून पिन टॉपची (प्लगची) पिन आत चिकटली होती. मागचा स्क्रू सैल. वायरीचं पीव्हीसी चार बोटं लांबीपर्यंत काळं पडून इतकं कडक झालं होतं की वाकवलं की तुकडे पडत होते. "पण एमसीबी आहे ना, ती कशी पडली नाही?" बाईंनी विचारलं. हल्ली इलेक्ट्रिक गाडी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो.

घरी लावायचा साधा चार्जर साधारण 3.3 किलोवॅटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला 14 अँपिअरच्या थोडा वर करंट. 16 अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, यात काही वावगं दिसत नाही. तिला जादा करंट कळतो, सैल स्क्रू कळत नाही. त्या सैल जागी एक दशांश ओहमचा जरी अडथळा असला, तरी तिथे 20 वॉट उष्णता तयार होते. तीही स्क्रूएवढ्या जागेत, सात-आठ तास सलग. टाकीचा गिझर 2 किलोवॅटचा, पण पाणी तापलं की कट होतो. एसीचा कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो. गाडी थांबत नाही. घरात इतका वेळ इतका लोड ओढणारी दुसरी वस्तू नाही, आणि आमच्या पिढीने वायरिंग केलं तेव्हा हा लोड कुणाच्या डोक्यातही नव्हता. पार्किंगमधला पॉइंट म्हणजे एक दिवा आणि फार तर गाडी धुवायची छोटी मोटर. त्यासाठी तीन-बावीसची, म्हणजे बारीक, वायर ओढलेली. तिच्यावरच पुढे कुणीतरी पंधरा अँपिअरचं सॉकेट बसवलं. सॉकेट मोठं बसवून वायर जाड होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. 1 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) 20 मीटर वायर खिडकीतून खाली सोडतात. 14 अँपिअरला त्या वायरीत मिळून दीडशे वॉटच्या आसपास उष्णता होते, आणि उरलेली वायर गुंडाळून ठेवली असेल तर त्या उष्णतेला बाहेर पडायला जागाच नसते.

पण हे पत्र लिहायला बसलो ते त्या सॉकेटमुळे नाही. बाईंच्या पिन टॉपखाली एक छोटा जोड होता. तो उघडला तर आत न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ दोन इंची वायरीच्या तुकड्याने जोडलेले. अर्थिंग नसेल तर चार्जर चालू होत नाही, लाल दिवा दाखवतो. पार्किंगच्या फरश्या बसवताना यांच्या इमारतीची अर्थिंगची पट्टी तुटली होती. ती दुरुस्त करायच्या ऐवजी गाडीबरोबर आलेल्या माणसाने हा तुकडा लावून चार्जरला फसवलं आणि "आता चालेल" सांगून तो गेला. उद्या मीटरकडून येणारी न्यूट्रल तुटली, तर चालू असलेल्या कुठल्याही उपकरणातून फेज, म्हणजे जिवंत करंट, फिरून थेट गाडीच्या पत्र्यावर येईल. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणारी ती बाई किंवा तिचा नातू असेल. तो तुकडा मी काढून घेतला, आणि रागाने माझे हात थरथरत होते.

नवा अर्थिंगचा खड्डा, मीटर रूमपासून 4 स्क्वेअरची तांब्याची स्वतंत्र लाइन, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट, एवढं काम दोन दिवसांत झालं. लाखोंच्या गाडीपुढे हा खर्च फार नाही. बिलावरचा मंजूर भारही वाढवून घ्यायला सांगितलं. त्यांचा 2 किलोवॅट होता, म्हणजे एकट्या चार्जरपेक्षाही कमी. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याची मुभा दिली आहे. तसं केलं तर घरचे युनिट वरच्या स्लॅबमध्येही जात नाहीत.

माझी मागणी एकच आहे. गाडीची किल्ली हातात देण्याआधी, ती जिथे चार्ज होणार त्या जागेचा परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घेणं विक्रेत्याला सक्तीचं करावं. वायरीचा साइझ, अर्थिंगचं रीडिंग, मंजूर भार, एवढं एका कागदावर मावतं. परिवहन खात्याने गाडीच्या नोंदणीच्या वेळीच हा कागद मागावा.

तोपर्यंत ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आज रात्री एवढं करा. तासभर चार्जिंग झालं की स्विच बंद करून पिन टॉपला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर पुन्हा चालू करू नका, वायरमन बोलवा. काही गाड्यांत करंट कमी करता येतो. 15 चा 10 अँपिअर केला की वायरीतली उष्णता निम्म्याहून खाली येते. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्याला 10 अँपिअरवर दोन-अडीच तास पुरतात.

आपला,
एक वायरमन, चिंचवड, पुणे