टेस्टपुरती 'स्टॉक' होणारी गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाड्या मॉडिफाय करण्याचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणजे ही सगळी बेजबाबदार पोरं आहेत, बंद करा हे सगळं, आणि दुसरा म्हणजे गाडी माझी, पैसे माझे, तुम्ही कोण सांगणारे. मी मॉडिफिकेशनच्या बाजूचा माणूस आहे, मला इंजिन उघडलेलं बघायला आवडतं आणि नीट ट्यून केलेली गाडी चालवायला त्याहून जास्त आवडते. म्हणूनच हे पत्र लिहितोय, कारण आमच्यातच एक सवय बोकाळलीय आणि त्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. धूर तपासणीची तारीख आली की आदल्या दिवशी गाडी 'स्टॉक', म्हणजे कंपनीतून आली तशी, करायची: ओरिजिनल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, ज्याला आम्ही नुसतं कॅट म्हणतो, तो परत बसवायचा, ईसीयूत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, कंपनीचा मॅप, म्हणजे मूळ सेटिंग, टाकायचा, टेस्ट पास करून घ्यायची आणि मग परत सगळं काढून ठेवायचं. म्हणजे एक दिवस गाडी स्वच्छ आणि बाकी वर्षभर सगळ्यांच्या नाकातोंडात धूर. हे थांबायला हवं, आणि थांबवता येतं, कारण डोकं लावून मॉडिफाय केलेली पेट्रोल गाडी आहे त्याच अवस्थेत टेस्ट पास होऊ शकते, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

आधी हे समजून घेऊया की सगळी मॉडिफिकेशन्स एका मापाने मोजायची नाहीत. सस्पेन्शन, ब्रेक, अलॉय, सीट यांचा धुराशी काही संबंध नाही. कॅटच्या मागचा सायलेन्सर बदलला तर आवाजाचा प्रश्न येतो, तो वेगळा आणि महत्त्वाचाच आहे, पण कॅट जागेवर असेल आणि पाइपला कुठे लीक नसेल तर टेस्टच्या आकड्यांत सहसा फरक पडत नाही. खरा खेळ आहे इंजिनमध्ये हवा येते तिथपासून कॅटच्या मागच्या सेन्सरपर्यंत, मधे ज्या गोष्टीला हात लावाल तिचा हिशोब द्यावा लागतो.

कॅट काय करतो हे नीट कळलं तर तो काढायची इच्छाच कमी होईल असं मला वाटतं. आत सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा अगदी पातळ थर, आणि त्यावरून गरम धूर गेला की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजन ऑक्साइडचा परत साधा नायट्रोजन होतो. गरम झालेला चांगला कॅट यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग संपवतो. पण त्याची अट एकच, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहिलं पाहिजे, ज्याला लॅम्बडा १ म्हणतात. म्हणून तर कॅटच्या पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो, तो सेकंदासेकंदाला ईसीयूला सांगतो की पेट्रोल जास्त झालं की कमी, आणि मागचा सेन्सर बघतो की कॅट काम करतोय का. तीन विषारी वायू एकाच डब्यात एकाच वेळी मारायचे ही माझ्या मते इंजिनिअरिंगमधली फार सुंदर गोष्ट आहे, आणि आपण ती काढून अडगळीत टाकतो.

आता मॉडिफाइड गाडी फेल का होते ते बघा. ओपन फिल्टर बसवला, त्याचा पाइप मूळ पाइपपेक्षा जाड, एअरफ्लो सेन्सर मात्र जुन्याच कॅलिब्रेशनचा, मग ईसीयूला हवेचा अंदाज चुकीचा मिळतो. फिल्टरला तेल जास्त लावलं तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग आणखी बिघडतं. हेडर, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणारे पाइप, बदलताना पॅकिंग नीट बसलं नाही तर पुढच्या सेन्सरच्या आधी बारीक लीक राहतो, त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड वर जातो, आणि मालक मात्र कॅटला शिव्या देत बसतो. मोठे इंजेक्टर टाकले आणि आयडलचं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असतानाचं, ट्यूनिंग केलंच नाही तर तेव्हा गाडी रिच चालते, म्हणजे पेट्रोल जास्त जातं, आणि साध्या टेस्टमध्ये नेमकं आयडलच मोजतात. जास्त ओव्हरलॅपचा, म्हणजे आतले आणि बाहेरचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा, कॅमशाफ्ट टाकला तर आयडलला न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये जातं, तिथे हायड्रोकार्बनचा आकडा वाढणारच, त्याला मेकॅनिक काय करणार, तो पार्ट निवडतानाच विचार करायला हवा होता.

आणि टेस्टचा रिपोर्ट नीट वाचला तर तोच सांगतो कुठे बघायचं. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त चाललंय. कार्बन मोनॉक्साइड ठीक पण हायड्रोकार्बन जास्त असेल तर बहुतेक वेळा मिसफायर, म्हणजे प्लग, कॉइल, नाहीतर मिश्रण फारच लीन झालंय, म्हणजे पेट्रोल फार कमी पडतंय. नायट्रोजन ऑक्साइड जिथे मोजतात तिथे तो जास्त आला तर ज्वलन फार गरम होतंय, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनमध्ये फिरवणारा भाग, बंद पडलाय किंवा कॅट थकलाय. मिसफायरकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नये, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि ती सिरॅमिकची जाळी चक्क वितळते, मग एका प्लगसाठी अख्खा कॅट जातो.

पण लोक काय करतात, गुगल करून शॉर्टकट शोधतात. मागचा सेन्सर स्पेसर लावून धुरातून थोडा बाहेर काढायचा म्हणजे चेक इंजिन लाइट लागत नाही. नाहीतर ईसीयूत साठलेले बिघाडाचे कोड पुसायचे किंवा बॅटरीची वायर काढायची. यातलं दुसरं तर आता बऱ्याच ठिकाणी चालतही नाही, कारण ओबीडी, म्हणजे गाडीची स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात, त्यांना मॉनिटर म्हणतात, आणि गाडी थंड इंजिनपासून सुरू करून शहरात, हायवेवर अशी वेगवेगळ्या प्रकारे चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. जिथे टेस्टिंगवाले ओबीडीला प्लग लावतात तिथे त्यांना लगेच दिसतं की मेमरी आत्ताच पुसलीय. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, म्हणजे ही काही नवी गोष्ट राहिलेली नाही. कॅलिफोर्नियात तर १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये, म्हणजे तिथल्या धूर तपासणीत, ईसीयूचं सॉफ्टवेअरच तपासतात, कंपनीचं किंवा तिथल्या एअर बोर्डाने मंजूर केलेलं नसेल तर गाडी फेल, सायलेन्सरमधून काहीही निघत असो.

डिझेलवाल्यांबद्दल जरा जास्त लिहावं लागेल कारण तिथे प्रकार जास्त गंभीर आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक झाला की तो साफ करण्याऐवजी आतला फिल्टर फोडून रिकामा डबा परत बसवतात, ईजीआर सॉफ्टवेअरने बंद करतात, आणि ट्यूनर सांगतो बघा साहेब पिकअप कसा वाढला, ॲव्हरेजही वाढेल. ईजीआर थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडून ज्वलनाचं तापमान खाली ठेवतो, तो बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतो, आणि तो वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मालकाला वाटतं काही बिघडलंच नाही. काजळीचे सगळ्यात बारीक कणही दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसात सगळ्यात खोल जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, नोव्हेंबर २०२० च्या अहवालात अंदाज मांडला होता की आधीच्या साधारण दहा वर्षांत तिथल्या ५,५०,००० च्या आसपास डिझेल पिकअप ट्रकमधून ही यंत्रणा काढली गेली, आणि त्या ट्रकच्या आयुष्यभरात मिळून ५,७०,००० टनांहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड जादा बाहेर पडेल. रस्त्यावर असेच पण धडधाकट असलेले ९० लाख ट्रक जादा आणून सोडले तर जेवढं होईल तेवढं, असं त्यांनी म्हटलंय. हे वाचल्यावर 'माझ्या एका गाडीने काय फरक पडतो' हे वाक्य मला तरी ऐकवत नाही.

इथे टेस्टचीही चूक आहे हे मान्य केलं पाहिजे. ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजायची जुनी पद्धत नव्या डिझेल गाड्यांसाठी इतकी ढोबळ आहे की डीपीएफ काढलेली गाडीही त्यातून आरामात सुटू शकते. म्हणून बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून नेहमीच्या तपासणीत कण मोजायची मशीन आणली, म्हणजे एका घन सेंटिमीटर धुरात किती कण आहेत ते थेट मोजायचं, आणि रिकामा डबा तिथे लपत नाही. जिथे जिथे अजून फक्त काळा धूर बघतात तिथे हे यायला हवं असं माझं ठाम मत आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं, जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की टेस्ट चालू असताना गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर आली की वेगळी. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो आणि बरोबरच चिडलो होतो. मग टेस्टच्या दिवशी स्टॉक मॅप टाकणारे आपण वेगळं काय करतो?

नीट करायचं तर अवघड नाहीये. पार्ट घेतानाच विचारायचं की याला धुराच्या बाबतीत मंजुरी आहे का. कॅलिफोर्नियात अशा प्रत्येक मंजूर पार्टला एक ऑर्डर नंबर असतो, जर्मनीत पार्टबरोबर कागद येतो आणि लागेल तिथे बदल गाडीच्या नोंदीत चढवतात, म्हणजे मॉडिफाय करणाऱ्याला चोरासारखं वागावं लागत नाही. जिथे अशी सोय नाही तिथे ती मागायला हवी, आणि ती मागणी आम्ही गाडीप्रेमींनीच लावून धरली पाहिजे. जास्त फ्लोचा कॅट घ्यायचाच असेल तर चांगल्या कंपनीचा, आपल्या इंजिनच्या साइजला चालणारा घ्यायचा, कारण स्वस्तातल्या कॅटमध्ये मौल्यवान धातूच इतका कमी असतो की थोड्याच दिवसांत तो नुसता डबा उरतो. रिमॅप, म्हणजे ईसीयूचा मॅप बदलून घेताना, ट्यूनरला स्पष्ट सांगायचं की आयडलला आणि क्रूझिंगला मिश्रण लॅम्बडा १ वरच ठेव, जी काही पॉवर काढायची ती फुल थ्रॉटलला काढ, कुठलाही सेन्सर किंवा मॉनिटर बंद करायचा नाही. आणि टेस्टला जाताना गाडी पूर्ण गरम करून न्यायची, कारण कॅट साधारण २५० ते ३०० डिग्रीच्या खाली काम करायलाच लागत नाही, जवळच्या जवळ थंड गाडी नेली तर चांगली गाडीसुद्धा फेल होते आणि मग लोक म्हणतात मशीन खराब आहे.

आपल्या पेपरच्या ऑटोच्या पानाकडून एक अपेक्षा आहे. तिथे नव्या गाड्यांचे फीचर्स भरपूर येतात, पण कुठल्या पार्टला हात लावला तर धुरावर काय परिणाम होतो हे साध्या मराठीत क्वचितच छापून येतं, आणि मग पोरं ट्यूनर सांगेल ते खरं मानतात. एक लेखमाला यावर जरूर करा, चांगल्या मेकॅनिक लोकांना बोलतं करा. आणि वाचकांना एवढंच सांगायचंय, रिमॅपला गाडी देण्याआधी आणि घेताना, दोन्ही वेळचे एमिशनचे प्रिंटआउट मागा, तेही गाडी रोज ज्या मॅपवर, ज्या कॅटवर चालणार त्यावरचेच. जो ट्यूनर द्यायला काचकूच करेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आपला,
एक गाडीप्रेमी वाचक