टेसॉलच्या एमएसाठी काय काय लागतं

दादर, मुंबई

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

टेसॉलच्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याच्या एमएसाठीची तुझी यादी पाहिली. अमेरिका, इंग्लंड आणि हैदराबाद एकाच रांगेत बसवलेस आणि तिन्हींच्या प्रवेशाच्या अटी शेजारी शेजारी लिहिल्यास. त्या अटी नंतर बघू. आधी हे ठरव, की तुला शिकवायचं कोणाला आहे: शाळेतल्या मुलांना, कॉलेजात, की मोठ्या माणसांच्या भाषावर्गात? एमए टेसॉल ही अभ्यासाची पदवी आहे, शिक्षकाचा परवाना नव्हे. गफलत बहुतेक इथेच होते.

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या राज्याचं लायसन्स लागतं. काही विद्यापीठांत एमए करतानाच ते मिळवण्याची सोय असते, पण त्यात शाळेतलं प्रात्यक्षिक आणि राज्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. नुसतं एमए टेसॉल केलंस तर पदवी हातात आणि शाळेचं दार बंद. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांसाठी क्यूटीएस हा पात्र शिक्षकाचा दर्जा वेगळा घ्यावा लागतो, आपल्याकडे शाळेसाठी बीएड आणि टीईटी. परत येऊन कॉलेजात शिकवायचं म्हणशील तर पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, नेट किंवा सेट आणि परदेशी पदवी इथल्या पदवीच्या तोडीची असल्याचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल. इंग्लंडचं एक वर्षाचं एमए इथे चालतं का, हा जुना वाद. 2022 च्या भारत-ब्रिटन करारानंतर त्याला मान्यता मिळाली आहे. पण टेसॉल हा 'इंग्रजी' विषयात धरणार का, हे नेमणूक करणारं विद्यापीठ ठरवतं. ते आत्ताच लेखी विचारून ठेव. आणि दक्षिण कोरियाचा विचार मनात असेल तर तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-2 व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यात भारत नाही. एमए केल्याने पासपोर्ट बदलत नाही.

आता पदवीचा सांगाडा. अमेरिकेत साधारण 30 ते 36 क्रेडिट्स, दीड ते दोन वर्षं. इंग्लंडमध्ये 180 क्रेडिट्स, एक वर्ष, त्यातली 60 बहुधा प्रबंधाची. आकडे बघून इंग्लंडची पदवी मोठी समजू नकोस, मोजायची पद्धतच वेगळी आहे. विषय दोन्हीकडे जवळपास तेच: भाषाशास्त्र, उच्चारशास्त्र, शिक्षकासाठी व्याकरण, दुसरी भाषा कशी आत्मसात होते, अध्यापन पद्धती, मूल्यमापन, संशोधन पद्धती. फरक प्रात्यक्षिकात आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष वर्गावर शिकवणं सक्तीचं असतं. इंग्लंडमधल्या कित्येकांत ते नसतंच, कारण विद्यार्थी अनुभव घेऊन आलाय असं ते धरून चालतात. तुझ्याजवळ अनुभव कमी आहे, म्हणून हा मुद्दा तुझ्यासाठी फीपेक्षाही मोठा आहे. हैदराबादच्या इफ्लूचं, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठाचं, मूळ 1958 सालच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये आहे, आणि ती निघालीच मुळी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी. खर्चाच्या हिशेबात ते नाव यादीच्या तळाला टाकू नकोस.

तुझं बीए तीन वर्षांचं. अमेरिकेतली काही विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, काही तीन वर्षांची पदवी मूल्यांकनावर स्वीकारतात. परदेशी पदव्या तोलून अहवाल देणारी डब्ल्यूईएससारखी संस्था कॉलेजचं नॅक मानांकन (कॉलेजच्या दर्जाची श्रेणी) आणि तुझा वर्ग बघते. 'ए' किंवा वरचा दर्जा आणि पहिला वा दुसरा वर्ग असेल तर बहुधा अडत नाही. पण विद्यापीठाला तो अहवाल मान्य आहे का, हे मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी विचार. इंग्लंडमध्ये तीन वर्षांचा प्रश्नच येत नाही, तिथलं बीएसुद्धा बहुधा तेवढंच असतं.

कागदपत्रांत मुंबई विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, सगळ्यात आधी मागव. वेळ त्यांनाच लागतो. सगळ्या सत्रांच्या मार्कशीट हव्यात. केटी लागली असेल तर नापासाचीही आणि सुटल्याचीही. केटीची मार्कशीट गाळणं हा शहाणपणा नाही, ट्रान्सक्रिप्टमध्ये ती दिसतेच आणि मग लपवल्याचा शिक्का बसतो. सीजीपीएचं चार गुणांच्या मापात रूपांतर स्वतः करू नकोस, जसं आहे तसं लिही. सीलबंद पाकीट आलं तर फोडायचं नाही, फोडलेलं बाद धरतात. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हाती येतं, तोवर प्रोव्हिजनल चालतं का ते विचार. आणि नाव! दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, बारावीला वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं. अर्ज, परीक्षा आणि व्हिसा, तिन्हीकडे पासपोर्टवरचंच नाव टाक.

आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणार असशील तर अकॅडमिकच दे, जनरल ट्रेनिंग नाही. टेसॉलला बहुतेक ठिकाणी एकूण 6.5 ते 7 मागतात, पण फसवतो तो प्रत्येक भागाचा किमान बँड, म्हणजे गुण. एकूण 7.5 येऊनही रायटिंगला 6 पडले म्हणून अर्ज अडतो. निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नकोस. काही विद्यापीठांना इंग्रजी माध्यमाचं कॉलेजचं पत्र पुरतं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा टेसॉलला सहसा लागत नाही. अमेरिकेतल्या काही अभ्यासक्रमांत मात्र एक वेगळी अट असते: अर्जदाराने स्वतः दुसरी भाषा शिकलेली हवी. तिथली मुलं त्यासाठी स्पॅनिशचे वर्ग शोधतात. तुझ्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर मराठी, हिंदी, इंग्रजी आहेतच. त्या जोड आणि पुरेसं आहे का ते विचार.

अनुभवाबद्दल जरा सविस्तर लिहिते. काही विद्यापीठं दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात, काही काहीच मागत नाहीत. घरच्या शिकवण्या त्यात सहसा धरत नाहीत, कारण पडताळायला कोणी नसतं. महापालिकेच्या शाळेत, रात्रशाळेत किंवा एखाद्या संस्थेच्या वर्गात शिकवलंस तर लेटरहेडवर पत्र घे: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणती इयत्ता, वर्गात किती मुलं, माध्यम कोणतं, सही कोणाची. 'त्यांनी मन लावून काम केले' एवढंच पत्र निरुपयोगी. अनुभव नसेल तर सेल्टा कर. केंब्रिजचा हा कोर्स साधारण 120 तासांचा आहे, त्यात निरीक्षकासमोर 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि चार लेखी असाइनमेंट असतात. प्रवेशालाच व्याकरणाची लेखी कामं आणि मुलाखत घेतात. 'घरबसल्या 120 तासांचं टेसॉल' अशा स्वस्त जाहिराती येतील. त्यातल्या बहुतेकांत वर्गावर उभं राहणं नसतं, म्हणून प्रवेश समिती त्यांना वजन देत नाही. तेवढ्या पैशात ध्वनिशास्त्राची चांगली पुस्तकं येतील.

एसओपीचा, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनाचा, तुझा मसुदा वाचला. शेक्सपिअर आवडतो, कादंबऱ्या आवडतात, हे सगळं साहित्याच्या एमएला शोभेल. इथे समितीला बघायचंय की वर्गात चूक ऐकल्यावर तू काय विचार करतेस. मुंबईतल्या वर्गाइतका कच्चा माल कोणाकडे नाही, तेच लिही. मराठी घरातलं मूल 'अ' आणि 'द' गाळतं, कारण मराठीत उपपदंच नाहीत. 'व्हेअर यू आर गोइंग' म्हणतं, कारण आपल्याकडे प्रश्न करताना क्रियापद जागा बदलत नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही 'व'मध्ये मिसळतात. शेजारच्या बाकावरचं हिंदी घरातलं मूल 'इस्कूल' म्हणेल. मराठी मुलाला ते जोडाक्षर अडत नाही. म्हणजे एकाच वर्गात दोन मुलांच्या चुका निराळ्या, आणि एकच धडा दोघांना पुरत नाही. यातली एक अडचण घे, तू काय करून पाहिलंस, काय जमलं नाही आणि ते समजायला कोणता विषय शिकायचाय, एवढ्यावर दोन पानं होतात. मग त्या विद्यापीठात तो विषय खरंच शिकवतात का ते तपास. शब्दमर्यादा पाळ.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन. मोठ्या पदापेक्षा तुझा वर्ग पाहिलेला माणूस बरा. विद्यापीठ थेट त्यांच्या मेलवर लिंक पाठवतं आणि कॉलेजचा मेल मागतं. आपल्याकडच्या कित्येक प्राध्यापकांचा जीमेलच असतो, तेव्हा आधी विचारून ठेव. त्यांना तुझा एसओपी, मार्कशीट आणि शेवटची तारीख एकत्र पाठव.

पैशांचं थोडक्यात. इंग्लंडच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा खर्च खात्यात सलग 28 दिवस राहावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. पैसे आमच्या खात्यात असतील म्हणून तुझा जन्मदाखला आणि आमचं संमतीपत्र लागेल. दाखला फक्त मराठीत असेल तर वॉर्ड ऑफिसातून इंग्रजीसह घ्यावा लागेल, ते बाबा बघतील. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करायची, प्रमाणपत्र सहा महिने चालतं. अमेरिकेत शिक्षणानंतरचं ओपीटी, म्हणजे तिथे काम करण्याची मुभा, बारा महिने. टेसॉल स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या) यादीत नसल्याने पुढची वाढ मिळत नाही, कर्जाचे हप्ते त्या हिशेबाने मांड.

अमेरिकेच्या बऱ्याच तारखा डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात, इंग्लंडमध्ये जागा भरेपर्यंत अर्ज घेतात. या रविवारी सगळ्या मार्कशीटचे दोन्ही बाजूंचे स्कॅन पाठव, म्हणजे सोमवारी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज भरता येईल. आणि शाळा, कॉलेज की मोठ्यांचे वर्ग, ते एका ओळीत कळव. त्यानंतर यादीतली निम्मी नावं आपण दोघी मिळून खोडू.

तुझी,
आई